अंगणातल्या झाडाची लिंबं संपवायची कशी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या अंगणात कागदी लिंबाचं एक झाड आहे. जुलै लागला की रोज सकाळी झाडाखाली पंधरा-वीस लिंबं पडलेली असतात, फांद्यांवरची वेगळी. शेजारी, नातेवाईक आणि सोसायटीतल्या ओळखीपाळखीच्या लोकांनी गेल्या काही वर्षांत जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले, ते इथे एकत्र केलेत. बराचसा भाग लिंबाचा आहे. संत्री, मोसंबी, पपनस आणि महाळुंग पुढे थोडक्यात आलेत.

सगळी लिंबं एकदम पावसाळ्यातच का येतात?

लिंबाला वर्षातून तीनदा बहार येतो. जानेवारी-फेब्रुवारीत आंबे बहार, जून-जुलैत मृग बहार आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात हस्त बहार. फुलापासून लिंबू तयार व्हायला पाच-सहा महिने लागतात. आंबे बहाराला फुलं सगळ्यात जास्त धरतात, म्हणून त्याची लिंबं जून ते ऑगस्टमध्ये धो धो येतात. तेव्हा बाहेर पाऊस असतो, सरबत कुणाला नको असतं आणि बाजारात भाव पडलेला असतो. उन्हाळ्यात मिळणारी लिंबं हस्त बहाराची. त्या बहाराआधी झाडाला पाण्याचा ताण बसावा लागतो आणि आपल्याकडे नेमका तेव्हा पाऊस असतो, त्यामुळे ती लिंबं मुळातच कमी. एप्रिल २०२२ मध्ये एक लिंबू दहा-पंधरा रुपयांना घेतल्याचं बऱ्याच जणांना आठवत असेल.

म्हणून जुलैची लिंबं जुलैतच संपवायच्या मागे लागू नका. ती एप्रिलपर्यंत कशी न्यायची, ते बघा. खालची बरीचशी उत्तरं त्याच हिशोबाने दिली आहेत.

ओट्यावर टोपलीभर लिंबं आहेत. आधी काय करू?

तीन ढीग करा. देठासकट तोडलेली, डाग नसलेली, घट्ट लिंबं पहिल्या ढिगात. ती ठेवायची आणि लोणच्याला वापरायची. खाली पडलेली, पिवळी पण धड असलेली दुसऱ्या ढिगात. त्यांचा आज किंवा उद्या रस काढायचा. फुटलेली, मऊ पडलेली, बुरशी धरलेली तिसऱ्या ढिगात, ती सरळ खतात. फुटलेल्या लिंबाचा चांगला अर्धा भाग कापून वापरायचा मोह होतो. माझ्या आईला तो कायम व्हायचा. पण भेगेतून आत काय शिरलंय ते दिसत नाही आणि टोपलीत लिंबांची टंचाई नाही.

नुसती ठेवली तर किती दिवस टिकतात?

उघड्यावर पाच-सात दिवसांत साल कडक होते आणि रस आटतो. फ्रिजमध्ये झिपच्या पिशवीत महिनाभर आरामात राहतात. धुऊन ठेवू नका, कोरडी पुसून ठेवा. देठाचा छोटा तुकडा राहू द्या. देठ उपटला की तिथे खड्डा पडतो आणि सडायला तिथूनच सुरुवात होते. काठीने झोडपून पाडलेली लिंबं वरून चांगली दिसतात, चार दिवसांनी तपकिरी होतात.

रस काढून गोठवला तर चालतो का? मला सगळ्यात सोपं तेच वाटतं.

सोपं आहे आणि माझ्या मते सगळ्यात उपयोगीही. कितीही लोणची घातली तरी घरात लोणचं खाणारी माणसं तेवढीच असतात. रस मात्र रोज लागतो.

साधारण हिशोब असा: मध्यम आकाराची पंचवीस लिंबं म्हणजे किलोभर आणि त्यातून ४०० मिलीच्या आसपास रस निघतो. म्हणजे एका लिंबाला एक मोठा चमचा. बर्फाच्या ट्रेच्या एका खणात साधारण तेवढाच मावतो, त्यामुळे पुढे 'एक खडा म्हणजे एक लिंबू' असा हिशोब ठेवता येतो. ट्रे प्लॅस्टिकचा किंवा सिलिकॉनचा घ्या. जुन्या फ्रिजबरोबर ॲल्युमिनियमचे ट्रे यायचे, ते नकोत. आंबट रस ॲल्युमिनियमला खातो आणि चव धातूची होते. तांब्या-पितळेच्या बिनकल्हईच्या भांड्यांचंही तेच.

रस गाळून बिया काढून टाका, थोडा गर राहिला तरी बिघडत नाही. खडे घट्ट झाले की ट्रेमधून काढून पिशवीत भरा, आतली हवा दाबून काढा आणि पिशवीवर महिना लिहा. ट्रेमध्येच ठेवले तर महिन्याभरात त्यांना फ्रीजरचा वास लागतो. सहा महिने चव उत्तम राहते. त्यानंतर रस खराब होत नाही, सुगंध मात्र उतरतो. एप्रिलसाठी ठेवायचे असतील तर गोठवताना प्रत्येक खणात चिमूटभर किसलेली साल टाका. फक्त वरची हिरवी-पिवळी, आतली पांढरी अजिबात नको. लिंबाचा वास रसापेक्षा सालीत जास्त असतो.

दुसरा एक प्रकार मला त्याहून आवडतो. एक वाटी रसात दीड वाटी साखर पूर्ण विरघळवून डब्यात गोठवायची. साखरेमुळे ते दगडासारखं घट्ट होत नाही, चमच्याने खरवडता येतं. दोन चमचे, पेलाभर पाणी, मीठ, झालं सरबत. मे महिन्यात पाहुणे दारात चप्पल काढेपर्यंत तयार होतं.

वीज जाण्याचा त्रास असलेल्या गावात एक काळजी घ्या. पूर्ण वितळून पुन्हा गोठलेला खडा पिशवीत चपटा होऊन चिकटलेला दिसतो. तो लगेच वरणात-पोह्यात वापरून टाका.

अख्खी लिंबं गोठवता येतात का?

येतात. बाहेर काढल्यावर मऊ पडतात, फोडी करून ताटात वाढायच्या लायकीची राहत नाहीत. रस मात्र ताज्यापेक्षा सहज निघतो. रस काढायला वेळ नसेल त्या आठवड्यात हे करावं.

पावसाळ्यात ऊन नाही, मग लोणचं कसं घालायचं?

लोणचं मुरवायचं काम मीठ आणि आंबटपणा करतो. ऊन त्याला घाई करतं, एवढंच. ऊन नसेल तर पंधरा दिवसांऐवजी महिना लागेल.

एक किलो लिंबं धुऊन, अगदी कोरडी पुसून रात्रभर पंख्याखाली पसरा. पावसाळ्यात हा पंखाच सगळ्यात महत्त्वाचा. प्रत्येकाच्या आठ फोडी, बिया काढलेल्या. २०० ग्रॅम मीठ आणि दोन चमचे हळद लावून काचेच्या किंवा चिनी मातीच्या बरणीत भरा. आता वरून आणखी दहा-बारा लिंबांचा रस ओता. फोडी रसात बुडाल्या पाहिजेत, वर डोकं काढून बसलेली फोड हीच बुरशी बोलावते. बाजारातून लिंबं आणून लोणचं घालणारे हा रस घालताना हात आखडता घेतात. तुमच्याकडे दुसऱ्या ढिगातली लिंबं आहेतच. बरणी रोज एकदा हलवा. गॅसच्या ओट्याजवळ किंवा फ्रिजच्या वर, जिथे जरा ऊब असते तिथे ठेवा.

साल बोटाने दाबल्यावर सहज तुटली की मग तिखट घाला: ८० ते १०० ग्रॅम लाल तिखट, भाजून पूड केलेली मेथी एक चमचा, मोहरीची डाळ, हिंग. वरून गार केलेली फोडणी घालायची की नाही, हा घराघराचा प्रश्न आहे. आमच्याकडे घालत नाहीत. गोड हवं असेल तर किलोला किलोभर गूळ किंवा साखर घालून पुन्हा आठवडाभर मुरू द्या.

मीठ निम्मं केलं तर चालेल? घरात रक्तदाब आहे.

मग ती बरणी फ्रिजमध्येच ठेवा आणि दोन-तीन महिन्यांत संपवा. कमी मिठाचं लोणचं बाहेर ठेवून 'बघू टिकतं का' असं करू नका. किंवा पूर्ण मिठाचं घाला आणि अर्धी फोड खा.

लोणचं कडू झालंय.

आधी वाट बघा. पहिल्या महिन्यात सगळीच लोणची थोडी कडवट लागतात. तरीही कडूच राहिलं तर बहुधा लिंबं हिरवी घेतली असणार किंवा बिया राहिल्या असणार. पुढच्या वेळी पिवळी, पातळ सालीची लिंबं घ्या. ज्यांना कडू चव मुळीच चालत नाही त्यांनी अख्खी लिंबं डब्यात ठेवून कुकरला दोन शिट्ट्या द्याव्यात, गार झाल्यावर फोडी करून मीठ-तिखट-साखर घालावी. दुसऱ्या दिवशी खाता येतं. मुरलेल्या लोणच्याची चव त्याला नसते, पण मुलांना हेच आवडतं.

वर पांढरं काहीतरी आलंय. बुरशी की साखर?

बोटात धरून चुरडा. खरखरीत कण असतील तर साखर किंवा मीठ खडे धरतंय, बिनधास्त खा. मऊ, केसाळ, हिरवट-राखाडी असेल तर बुरशी. वरचा थर काढून खालचं खाणं बऱ्याच घरांत चालतं, मी तरी सगळी बरणी टाकून देते. एकदा पाच किलोची टाकली आहे. ओला चमचा घातला गेला होता. कुणी घातला ते आजवर कळलेलं नाही.

लोणचं काळं पडलं तर मात्र घाबरू नका. तीन-चार वर्षांचं काळंभोर, जेलीसारखं झालेलं लिंबाचं लोणचं तापाने तोंड बेचव झालेल्या माणसाला मऊ भाताबरोबर द्यायची पद्धत जुनी आहे. असं लोणचं विकत मिळत नाही.

उपासाचं लोणचं वेगळं असतं का?

हो. मोहरी, मेथी, हिंग, हळद नाही. लिंबू, मीठ किंवा सैंधव, साखर, लाल तिखट, जिरेपूड. काही घरांत उपासाला लाल तिखटही चालत नाही, तिथे मिरपूड घालतात. आषाढी एकादशीला मुरलेलं हवं असेल तर जूनच्या पहिल्या लिंबांचं घाला. आषाढीला उशीर झाला तर श्रावण आहे, नवरात्र आहे.

वर्षभराचं सरबत कसं करून ठेवायचं?

एक वाटी रसाला अडीच वाट्या साखर. साखरेत बुडेल इतकंच पाणी घालून एकतारी पाक करा, कोमट होऊ द्या आणि मग रस घाला. उकळत्या पाकात रस घातला तर चव शिजल्यासारखी लागते आणि क जीवनसत्त्वही उतरतं. कोरड्या बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवा, काही महिने राहतं. बाहेर ठेवायचं असेल तर पोटॅशियम मेटाबायसल्फाइट (सरबत टिकवणारी पूड) लीटरला अर्धा ग्रॅम पुरतं. घरात दमा असलेलं कुणी असेल तर ते घालू नका, सल्फाइटने काहींना त्रास होतो.

क जीवनसत्त्वावरून आठवलं. लिंबाचा त्याबाबतीत नावलौकिक जरा जास्तच आहे. १०० ग्रॅम लिंबात ते साधारण ३० मिलिग्रॅम असतं, पेरूत २०० च्या पुढे. लिंबू चवीसाठी खा.

आलं-लिंबू पाचक?

वाटीभर लिंबाचा रस, अर्धी वाटी आल्याचा रस, दोन वाट्या साखर, सैंधव, जिरेपूड. आल्याचा रस काढल्यावर तासभर तसाच ठेवा. तळाशी पांढरा साका बसतो, तो टाकून फक्त वरचा रस घ्या. ही पायरी गाळली की पाचक गढूळ होतं. फ्रिजमध्ये ठेवा. जेवणानंतर एक चमचा.

मोसंबीचा रस काढून ठेवला तर तासाभरात कडू होतो. फळ तर गोड होतं!

तुमची चूक नाही. मोसंबीत आणि काही प्रमाणात संत्र्यातही एक बिनकडू द्रव्य असतं. रस निघाला की त्यातल्या आंबटपणामुळे त्याचं हळूहळू लिमोनिन होतं आणि ते कडू असतं. तापवलं की आणखी लवकर. बियांत आणि पांढऱ्या पापुद्र्यात हे जास्त असतं, म्हणून मिक्सरमध्ये बियांसकट फिरवलेला रस सगळ्यात आधी कडू होतो. मोसंबी काढा आणि लगेच प्या. साठवायचीच असेल तर फळ फ्रिजमध्ये साठवा, रस नको.

संत्र्याचं थोडं वेगळं आहे. नागपूरला बहिणीकडे दोन झाडं आहेत. आंबिया बहाराची संत्री दिवाळीच्या आसपास सुरू होतात आणि दीड महिना घरात दुसरा वास नसतो. ती पाकळ्या सोलून, बिया आणि पापुद्रे काढून नुसता गर गोठवते आणि नंतर खव्यात आटवून बर्फी करते. गर आधी एकटा आटवून घ्यायचा, मग खवा. उलट केलं की खवा फाटतो. हे मी माझ्या हाताने सिद्ध केलं आहे.

मोसंबीच्या झाडाला आंबट, जाड सालीची खडबडीत लिंबं लागताहेत. जात बदलली का?

जात बदलत नाही. मोसंबी आणि संत्र्याची कलमं जंबेरी किंवा रंगपूर लिंबाच्या खुंटावर, म्हणजे मुळं असलेल्या खालच्या रोपावर, डोळा (हव्या त्या जातीची कळी) भरून करतात. डोळा मेला किंवा दुर्लक्ष झालं की खालचा खुंट फुटतो आणि त्याच्या फांद्या झाड ताब्यात घेतात. बुंध्याजवळ जोडाची गाठ शोधा. तिच्या खालून आलेला प्रत्येक फुटवा बुडापासून काढा. वर मोसंबीची एकही फांदी जिवंत नसेल तर तुमच्याकडे जंबेरीचं झाड आहे, असं समजा. लोणच्याला ही जाड साल वाईट नाही. भांडी घासायला तर फारच छान.

पपनसाचं काय करू? घरात कुणी खात नाही.

कोकणात आणि गोव्यात गणपतीच्या माटोळीला, म्हणजे मूर्तीच्या वर फळं-पानं टांगतात त्या चौकटीला, ते हमखास लागतं, तिथे तोरिंजन म्हणतात. चतुर्थीच्या आठवड्यात शेजारीपाजारी देऊन टाका, कुणी नाही म्हणणार नाही. खायचं असेल तर प्रत्येक पाकळीचा पापुद्रा पूर्ण काढा, कडूपणा त्यातच असतो. मोकळ्या गरात मीठ, साखर, हिरवी मिरची, ओलं खोबरं घालून कोशिंबीर चांगली होते.

एक गोष्ट मात्र गांभीर्याने घ्या. पपनस हा ग्रेपफ्रूटचा पूर्वज आहे आणि ग्रेपफ्रूटसारखाच काही औषधांचा रक्तातला अंश वाढवू शकतो. कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्या आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या त्यात येतात. घरातल्या आजोबांना वाटीभर देण्याआधी डॉक्टरांना विचारा.

महाळुंग आणि ईडलिंबू?

महाळुंगात रस जवळजवळ नसतो, सगळी जाड पांढरी साल. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात जे फळ आहे ते हेच. सालीच्या फोडी दोनदा पाणी बदलून उकळा आणि पाकात टाकून मुरंबा करा. ईडलिंबाचं लोणचं घाला, कृती वरचीच, मुरायला थोडे दिवस जास्त.

लिंबांवर खवले, तपकिरी खरबरीत ठिपके आहेत. खाल्ली तर चालतील?

चालतील. बहुधा तो खैऱ्या आहे. कागदी लिंबावर हा जिवाणूजन्य रोग पावसाळ्यात हमखास येतो, पण माणसाला काही करत नाही. त्या लिंबांचा रस काढा. लोणच्याला नकोत, साल खावी लागते. झाडाच्या रोगट फांद्या कोरड्या दिवशी कापून जाळून टाका, झाडाखाली टाकू नका.

दोनशे लिंबं पिळल्यावर हातावर काळे डाग उठले. ॲलर्जी का?

तुम्ही ती उन्हात बसून पिळलीत का? लिंबाच्या सालीतलं एक द्रव्य कातडीवर राहिलं आणि त्यावर ऊन पडलं की भाजल्यासारखं होतं. लगेच कळत नाही. एक-दोन दिवसांनी लाली किंवा फोड येतात आणि मग तपकिरी डाग, जो कित्येक आठवडे जात नाही. पावसाने उघडीप दिली म्हणून मंडळी गच्चीवर लिंबं घेऊन बसतात, तिथेच हे होतं. घरात बसून पिळा, हात साबणाने कोपरापर्यंत धुवा, मग बाहेर पडा. पिळायला बसवलेल्या मुलांचे हात आणि तोंड आधी धुवा. फोड मोठे असतील तर डॉक्टरांना दाखवा.

सालींचा ढीग उरला आहे.

मिठात बुडवून तांब्या-पितळेची भांडी घासा. मात्र शहाबादी फरशीवर किंवा संगमरवरी ओट्यावर साल ठेवू नका. दोन्ही चुनखडीचे दगड, लिंबाने कायमचा पांढरट डाग पडतो. आमच्या मागच्या दारी असे तीन गोल आहेत.

बाकीच्या सालींचं बायोएन्झाइम, म्हणजे साली आंबवून होणारं सफाईचं पाणी, करा: एक भाग गूळ, तीन भाग साली, दहा भाग पाणी, प्लॅस्टिकच्या बाटलीत तीन महिने. बाटली पाऊणच भरा आणि पहिला महिना रोज झाकण सैल करून वायू जाऊ द्या. काचेची बाटली फुटू शकते. फरशी पुसायला आणि मोरी धुवायला बरं पडतं. त्याने जगातले सगळे रोग जातात असं सांगणारे संदेश सोडून द्या. खतात टाकायच्या असतील तर साली बारीक चिरून, थोड्या थोड्या टाका. गांडूळखताच्या पेटीत नकोतच.

आता वाटूनही कुणी घेत नाही.

हे सगळ्यांचं होतं. पहिल्या आठवड्यात दहा लिंबं दिली की लोक हसून घेतात, तिसऱ्या आठवड्यात तुम्हाला बघून दार लावतात. लिंबं देऊ नका, रस द्या, सरबताची बाटली द्या. तीच माणसं बाटली परत करायला येताना डबा भरून आणतात. खानावळी, वडापावच्या गाड्या आणि उसाच्या रसाची गुऱ्हाळं लिंबं आनंदाने घेतात. भाजीवालीशी शेकड्याचा भाव ठरवता येतो. आमच्या बाईंनी पैशांऐवजी कोथिंबीर द्यायचं कबूल केलं, आणि सप्टेंबरपर्यंत रोज दिली. दाराला शनिवारी मिरच्यांबरोबर बांधायला एक लागतं, म्हणजे वर्षाला बावन्न. चांगलं वाढलेलं झाड वर्षाला हजारावर लिंबं देतं.

उन्हाळ्यातच जास्त लिंबं यावीत म्हणून काही करता येतं का?

बागायतदार हस्त बहार धरायचा प्रयत्न करतात, पण अंगणातल्या एका झाडासाठी भर पावसात ताण देणं जमण्यासारखं नाही. त्यापेक्षा ऑक्टोबरात आपणहून जी थोडी फुलं येतात ती जगवा. पाऊस थांबला की झाडाखाली पालापाचोळ्याचं आच्छादन घाला आणि नोव्हेंबरपासून ठरावीक दिवसांनी पाणी द्या. महिनाभर विसरून मग एकदम बादल्या ओतल्या तर फळं गळतात, मोठी असतील ती तडकतात. नवीन झाड लावत असाल तर राहुरीच्या कृषी विद्यापीठाची साई सरबती ही जात बघा.

आमच्या झाडाने गेल्या एप्रिलमध्ये एकतीस लिंबं दिली. मोजली, कारण फ्रीजरमधले खडे संपले होते.